आलेखी गणकयंत्र

आलेखी गणकयंत्र, रूढ भाषेत ग्राफिंग कॅल्क्युलेटर, हे फलनांचे आलेख पडद्यावर काढणारे, समीकरणांची उकल अंकीय पद्धतींनी शोधणारे आणि लहान आज्ञावली साठवून चालवणारे, हातात मावणारे गणकयंत्र होय. साध्या शास्त्रीय गणकयंत्रात एका वेळी एकच उत्तर दिसते. आलेखी गणकयंत्रात सूत्र, मूल्यांचे कोष्टक आणि आलेख ही एकाच फलनाची तीन रूपे शेजारी ठेवून पाहता येतात. वर्गसमीकरणे व द्विघाती फलने शिकवताना या यंत्राचा विशेष उपयोग केला जातो.

यंत्र समीकरण ‘सोडवते’ असे म्हणण्याची पद्धत असली, तरी बीजगणिताची सोय नसलेली यंत्रे प्रत्यक्षात ठरावीक बिंदूंवर फलनाचे मूल्य काढून पाहतात आणि मूळ कोठे असावे याचा माग काढतात. त्यामुळे पडद्यावर काय दिसेल आणि कोणते उत्तर हाती येईल, हे वापरणाऱ्याने निवडलेल्या चौकटीवर बरेचसे अवलंबून असते.

इतिहास

खिशात मावणारे पहिले शास्त्रीय गणकयंत्र, एचपी-३५, ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने १९७२ मध्ये विक्रीस आणले. त्याच कंपनीच्या १९७९ मधील एचपी-३४सी या यंत्रात कोणत्याही समीकरणाचे मूळ शोधणारी स्वतंत्र कळ होती. तिच्यामागील पद्धतीची मांडणी गणितज्ञ विल्यम काहान यांनी केली होती. मात्र या यंत्रांचा पडदा एका ओळीचा असल्याने आलेखाचा प्रश्न नव्हता.

आलेख काढणारे पहिले गणकयंत्र कॅसिओ या जपानी कंपनीने १९८५ मध्ये आणले. एफएक्स-७०००जी असे नाव असलेल्या या यंत्राच्या पडद्यावर ९६ × ६४ चित्रबिंदू होते आणि आज्ञावलीसाठी ४२२ बाइट एवढीच स्मृती होती. १९८७ मधील एचपी-२८सी या यंत्राने आलेखाबरोबर अक्षरचिन्हांचे बीजगणितही हाताळले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे टीआय-८१ हे यंत्र १९९० मध्ये, टीआय-८३ हे १९९६ मध्ये आणि टीआय-८४ प्लस हे २००४ मध्ये आले. अमेरिकेतील शाळांमध्ये याच मालिकेचा सर्वाधिक प्रसार झाला.

या प्रसारामागे तंत्रज्ञानाइतकाच अभ्यासक्रमाचाही वाटा होता. अमेरिकेतील गणित शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांत माध्यमिक विद्यार्थ्यांना आलेखाची सोय असलेली गणकयंत्रे उपलब्ध असावीत, अशी भूमिका घेतली होती. ओहायो राज्य विद्यापीठातील फ्रँक डेमाना व बर्ट वेट्स यांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाची चळवळच उभी केली. १९९५ पासून कॉलेज बोर्डाच्या कलनशास्त्राच्या प्रगत परीक्षेत काही प्रश्नांसाठी आलेखी गणकयंत्र आवश्यक ठरले.

आलेख कसा निघतो

पडद्यावरील आलेख सलग रेषा वाटतो, पण तो मोजक्या बिंदूंचा बनलेला असतो. ९६ चित्रबिंदू रुंदीच्या टीआय-८३ व टीआय-८४ प्लस यंत्रांवर आलेखासाठी ९५ उभे स्तंभ वापरले जातात. प्रत्येक स्तंभासाठी क्ष ची एक किंमत घेतली जाते, तिच्यासाठी य काढला जातो आणि त्या उंचीवरचा चित्रबिंदू काळा केला जातो. नंतर शेजारशेजारचे बिंदू रेषाखंडांनी जोडले जातात. आलेखवहीत विद्यार्थी पाच-सहा बिंदू घेऊन वक्र काढतो, तेच काम यंत्र ९५ बिंदू घेऊन करते. फरक एवढाच की, बिंदूंमध्ये काय घडते याविषयी विद्यार्थ्याला शंका येऊ शकते आणि यंत्राला ती येत नाही.

क्ष आणि य यांच्या दाखवावयाच्या मर्यादा म्हणजे दृश्यचौकट. यंत्रावर तिला विंडो म्हणतात. तिची प्रमाण मांडणी दोन्ही अक्षांवर −१० ते १० अशी असते. ९५ स्तंभांमध्ये ९४ अंतरे असल्याने या मांडणीत दोन स्तंभांतील अंतर २० ÷ ९४ म्हणजे सुमारे ०.२१३ भरते. म्हणूनच आलेखावरून दर्शक सरकवताना क्ष च्या किमती १, २, ३ अशा सुटसुटीत न येता ०.२१२७६५९६, ०.४२५५३१९१ अशा येतात. दशमान मांडणी निवडल्यास क्ष ची मर्यादा −४.७ ते ४.७ होते, प्रत्येक स्तंभ नेमक्या ०.१ ने पुढे जातो आणि ही अडचण दूर होते. ४.७ हा आकडा विचित्र वाटतो खरा, पण तो ९४ च्या निम्म्याचा दहावा भाग आहे.

पडद्याची रुंदी उंचीपेक्षा जास्त असल्याने प्रमाण मांडणीत वर्तुळ लंबगोल दिसते आणि परस्परांना लंब असलेल्या रेषा तिरक्या वाटतात. दोन्ही अक्षांचे प्रमाण सारखे करणारी आज्ञा वेगळी असते. अन्वस्ताच्या बाबतीत ही गोष्ट फसवी ठरते. सर्व अन्वस्ते भूमितीच्या दृष्टीने समरूप आहेत. एखादे अरुंद आणि दुसरे पसरट दिसते ते केवळ प्रमाणामुळे. यंत्रावर चौकट बदलून एकाच फलनाचे दोन्ही अवतार पाहता येतात.

द्विघाती फलनाचा आलेख

य = अक्ष² + बक्ष + क या फलनाचा आलेख अन्वस्त असतो (अ ≠ ०). अ धन असल्यास त्याचे तोंड वर आणि ऋण असल्यास खाली उघडते. शिरोबिंदू क्ष = −ब ÷ (२अ) येथे असतो आणि त्यातून जाणारी उभी रेषा हा सममितीचा अक्ष असतो. आलेख क्ष-अक्षाला जेथे छेदतो, तेथील क्ष च्या किमती म्हणजे अक्ष² + बक्ष + क = ० या समीकरणाची मुळे. विवेचक ब² − ४अक धन असल्यास दोन छेदनबिंदू, शून्य असल्यास एक स्पर्शबिंदू आणि ऋण असल्यास एकही नाही.

अ आणि क यांचा परिणाम आलेखावर लगेच ओळखता येतो. ब चा परिणाम मात्र बहुतेकांना अनपेक्षित वाटतो. अ व क स्थिर ठेवून ब च्या −४, −२, ०, २, ४ अशा किमती घेतल्या आणि पाचही आलेख एकाच चौकटीत काढले, तर सर्व अन्वस्ते य-अक्षाला एकाच बिंदूत छेदतात आणि त्यांचे शिरोबिंदू य = क − अक्ष² या दुसऱ्या, उलट्या अन्वस्तावर सरकतात. हे सूत्र कागदावर दोन ओळींत सिद्ध होते. पण ते असावे अशी शंका येण्यासाठी आलेखांचा असा समूह डोळ्यांसमोर असणे उपयोगी पडते.

टीआय-८४ प्लसवर फलन भरण्यासाठी पडद्याखालील पहिल्या रांगेतील ‘वाय =’ ही कळ दाबावी लागते. त्याच रांगेत पुढे विंडो, झूम, ट्रेस आणि ग्राफ या कळा असतात. ‘सेकंड’ कळीनंतर ट्रेस दाबल्यास गणनेची यादी उघडते. तिच्यात फलनाचे मूल्य, शून्य, न्यूनतम, महत्तम आणि छेदनबिंदू असे पर्याय असतात. ‘सेकंड’नंतर ग्राफ दाबल्यास मूल्यांचे कोष्टक दिसते. कॅसिओच्या यंत्रांवर मांडणी निराळी असली, तरी क्रम तोच राहतो.

नवशिक्याची पहिली अडखळ बहुधा वजा चिन्हाशी होते. या यंत्रावर ऋण संख्येचे चिन्ह आणि वजाबाकीचे चिन्ह यांच्या कळा वेगळ्या आहेत. फलनाच्या आरंभी वजाबाकीची कळ दाबल्यास यंत्र मांडणीची त्रुटी दाखवते. दुसरी बाब घाताच्या अग्रक्रमाची: −३² असे भरल्यास उत्तर −९ येते, कारण वर्ग आधी होतो. ऋण तीनचा वर्ग हवा असल्यास कंस द्यावा लागतो. तसेच वर्गसमीकरणाच्या सूत्रात छेदातील २अ कंसात न घातल्यास यंत्र आधी दोनने भागते आणि मग अ ने गुणते.

समीकरणाची मुळे शोधणे

आलेखावरून मूळ शोधण्यासाठी शून्याचा पर्याय निवडल्यावर यंत्र डावी मर्यादा, उजवी मर्यादा आणि अंदाजी किंमत अशा तीन गोष्टी विचारते. या विचारण्यामागे एक साधे तत्त्व आहे: सलग फलन एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल, तर मध्ये कोठेतरी ते शून्य होतेच. यंत्र हा मध्यांतर आवळत नेते. दोन मुळे असल्यास प्रत्येक मुळासाठी ही कृती वेगळी करावी लागते आणि मर्यादांमध्ये एकच मूळ येईल याची काळजी घ्यावी लागते.

उदाहरणार्थ, जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकलेल्या चेंडूची उंची, हवेचा अडथळा सोडून दिल्यास, य = −४.९क्ष² + २०क्ष + १.५ अशी लिहिता येते. येथे क्ष म्हणजे सेकंद. प्रमाण चौकटीत या अन्वस्ताचा माथा दिसतच नाही, कारण तो २१.९ मीटर उंचीवर आहे. क्ष ची मर्यादा −१ ते ५ आणि य ची −५ ते २५ अशी घेतल्यास पूर्ण वक्र दिसतो. महत्तमाच्या पर्यायाने शिरोबिंदू सुमारे (२.०४, २१.९१) मिळतो, तर शून्याच्या पर्यायाने −०.०७४ आणि ४.१५५ ही मुळे मिळतात. चेंडू ४.१५५ सेकंदांनी जमिनीवर येतो. ऋण मूळ गणिताच्या दृष्टीने तितकेच खरे आहे, पण ते चेंडू फेकण्यापूर्वीच्या क्षणाचे आहे आणि ते बाजूला ठेवण्याचा निर्णय यंत्र घेत नाही.

दुसरी पद्धत छेदनबिंदूची. समीकरणाच्या दोन बाजू दोन फलने म्हणून भरायच्या आणि त्यांचे आलेख जेथे भेटतात, तेथील क्ष वाचायचा. जी समीकरणे बीजगणिताने सुटत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धत विशेष सोयीची आहे. कोज्या क्ष = क्ष या समीकरणाचे उत्तर ०.७३९०८५ असे मिळते, मात्र कोन अरीयमध्ये मोजले तर. यंत्र अंशांच्या स्थितीत राहिले असल्यास ०.९९९८५ असे उत्तर येते आणि ते चुकीचे आहे, असा कोणताही इशारा मिळत नाही.

याखेरीज अनेक यंत्रांत बहुपदींची मुळे थेट देणारी सोय असते. तिच्यात फक्त सहगुणक भरायचे असतात. विवेचक ऋण असल्यास संमिश्र मुळेही मिळू शकतात, जी आलेखावर दिसणे शक्य नाही. क्ष² − क्ष − १ = ० या समीकरणाची मुळे येथे १.६१८०३३९८९ आणि −०.६१८०३३९८९ अशी दशांशात येतात. (१ ± √५) ÷ २ हे त्यांचे नेमके रूप हवे असेल, तर बीजगणितीय प्रणाली असलेले यंत्र लागते किंवा कागद.

चौकटीबाहेरची उत्तरे

भास्कराचार्यांच्या बीजगणित या ग्रंथात (इ.स. ११५०) वर्गसमीकरणांच्या प्रकरणात वानरांच्या कळपाचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली आणि एक झाडाच्या फांदीवर दिसते, तर एकूण वानरे किती? कळपाची संख्या क्ष मानल्यास (क्ष ÷ ५ − ३)² + १ = क्ष, म्हणजेच क्ष² − ५५क्ष + २५० = ० हे समीकरण मिळते. त्याची मुळे ५० आणि ५ आहेत. भास्कराचार्य ५० हे उत्तर स्वीकारतात आणि ५ नाकारतात, कारण पाचाच्या पाचव्या भागातून तीन वजा होऊ शकत नाहीत. वर्ग केल्यावर ऋण दोनचे चार होतात, म्हणून समीकरण मात्र बरोबर ठरते.

हेच उदाहरण आलेखी गणकयंत्रावर प्रमाण चौकटीत घेतल्यास विलक्षण प्रकार घडतो. पडद्यावर खाली उतरणारा एक वक्र आणि य = क्ष ही रेषा दिसते; ती (५, ५) या एकाच बिंदूत छेदतात. दुसरा छेदनबिंदू (५०, ५०) चौकटीच्या बाहेर असतो. म्हणजे नाकारावयाचे उत्तर तेवढे दिसते आणि स्वीकारावयाचे दिसत नाही. दोन्ही मर्यादा ० ते ६० केल्यावरच चित्र पूर्ण होते. समीकरण द्विघाती आहे, त्याला दोन मुळे असू शकतात, एक सापडले, दुसरे कोठे आहे, हा प्रश्न विचारण्याइतके बीजगणित वापरणाऱ्याकडे असावे लागते.

असाच प्रकार २ चा क्ष घात = क्ष² या समीकरणात होतो. प्रमाण चौकटीत −०.७६६६६ आणि २ हे दोन छेदनबिंदू दिसतात. तिसरे उत्तर ४ हे सहज सुचणारे आहे, पण तेथे य ची किंमत १६ असल्याने तो बिंदू वर निसटून जातो. य = क्ष² − ३०क्ष + २०० या अन्वस्ताची तर प्रमाण चौकटीत उजव्या कडेला चार-पाच स्तंभांची, जवळजवळ सरळ वाटणारी तिरकी रेघ दिसते. ती पाहून अन्वस्ताची कल्पनाही येत नाही. शिरोबिंदूचा क्ष आधी सूत्राने काढणे (येथे १५) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सारखी जागा ठेवून चौकट आखणे हा सर्वांत भरवशाचा उपाय. क्ष ची मर्यादा एकदा ठरली की, य ची मर्यादा बसवून देणारी आज्ञा यंत्रात असते.

अंकीय मर्यादा

चौकट योग्य असली तरी चित्रबिंदूंची जाडी उरतेच. क्ष² − २क्ष + ०.९९९९ = ० या समीकरणाची मुळे ०.९९ आणि १.०१ आहेत, प्रमाण चौकटीत ती दोन्ही एका स्तंभाच्या रुंदीत मावतात आणि आलेख अक्षाला केवळ स्पर्श करतो असे वाटते. शेवटचा सहगुणक १.०००१ असता, तर एकही वास्तव मूळ नसते, तरीही चित्र तसेच दिसले असते. या तीन शक्यतांत भेद करण्याचे काम विवेचकाकडेच सोपवावे लागते. खरोखर स्पर्श होत असेल, तर फलनाचे चिन्ह बदलत नाही आणि शून्य शोधणारी आज्ञा त्रुटी दाखवू शकते. अशा वेळी न्यूनतम किंवा महत्तमाचा पर्याय वापरतात.

सूत्राने मुळे काढतानाही यंत्राच्या अंकसंख्येची मर्यादा आड येते. १४ अंकांपर्यंत गणना करणाऱ्या यंत्रावर क्ष² − १०⁸क्ष + १ = ० हे समीकरण सूत्रात घातल्यास विवेचक १०¹⁶ − ४ हा १०¹⁶ असाच पूर्णांकित होतो, वर्गमूळ १०⁸ येते आणि वजाबाकी होऊन लहान मूळ शून्य मिळते. वास्तविक ते ०.००००००০१ च्या जवळ आहे. शून्य हे मूळ असणे शक्यच नाही, कारण तेथे डाव्या बाजूची किंमत १ येते. यावरचा उपाय जुनाच आहे: मोठे मूळ बेरजेने काढावे आणि मुळांचा गुणाकार क ÷ अ असतो या गुणधर्मावरून लहान मूळ भागाकाराने काढावे.

बिंदू जोडून आलेख काढण्याच्या पद्धतीमुळे य = १ ÷ (क्ष − १) यांसारख्या खंडित फलनांत क्ष = १ जवळ एक खोटी उभी रेषा उमटू शकते. बहुपदींच्या बाबतीत ही अडचण येत नाही.

परीक्षा आणि शिक्षण

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या १९९५ मधील टीआय-९२ या यंत्रात बीजगणितीय प्रणाली होती, पण टंकलेखन यंत्रासारख्या कळफलकामुळे अनेक परीक्षांत त्याला मज्जाव झाला. १९९८ मधील टीआय-८९ मध्ये तीच क्षमता नेहमीच्या आकारात आली. अमेरिकेतील एसीटी परीक्षेत बीजगणितीय प्रणाली असलेली यंत्रे चालत नाहीत, तर एसएटी परीक्षेत टीआय-८९ला परवानगी होती. एसएटी संगणकावर होऊ लागल्यापासून डेस्मॉस हे आलेखी गणकयंत्र परीक्षेच्या प्रणालीतच दिलेले असते. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेले जिओजेब्रा हे विनामूल्य सॉफ्टवेअरही शाळांमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. दोन्हींत चौकट बोटाने सरकवता येत असल्याने बाहेर राहिलेले मूळ शोधणे पूर्वीइतके कष्टाचे राहिलेले नाही.

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर गणकयंत्राचा वापर करता येणार नाही, अशी सूचना छापलेली असते. दहावीच्या बीजगणितात आलेख पद्धत दोन चलांतील रेषीय समीकरणांसाठी शिकवली जाते. वर्गसमीकरणे मात्र अवयव, पूर्ण वर्ग आणि सूत्र या पद्धतींनी सोडवली जातात. त्यामुळे वर्गसमीकरणाचे मूळ म्हणजे अन्वस्त आणि अक्ष यांचा छेदनबिंदू, ही जोड अनेक विद्यार्थ्यांच्या मनात उशिरा बसते. मुंबई, पुणे येथील आंतरराष्ट्रीय बॅकलॉरिएट अभ्यासक्रमाच्या शाळांत परिस्थिती निराळी आहे. २०१९ पासून शिकवल्या जाणाऱ्या त्या अभ्यासक्रमातील गणिताच्या दोन शाखांपैकी उपयोजनांवर भर देणाऱ्या शाखेच्या सर्व प्रश्नपत्रिकांना आलेखी गणकयंत्र लागते, तर विश्लेषणावर भर देणाऱ्या शाखेची पहिली प्रश्नपत्रिका गणकयंत्राविना सोडवावी लागते.